कमी पटाच्या शाळा आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने मला केली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी विद्वान नव्हे. अर्थशास्त्री तर नव्हेच नव्हे. मॅट्रिक होऊन अध्यापनाचे शिक्षण घेतलेला आणि पुढे तीन तपांहून अधिक काळ भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतून खडू-फळ्याची सोबत केलेला मी एक सामान्य प्राथमिक शिक्षक आहे. तेव्हा माझ्या बोलण्यात अलंकार नसतील; परंतु जे सांगेन ते डोळ्यांनी पाहिलेले व कागदावरून पडताळलेले असेल, एवढी ग्वाही देतो.

आजचा विषय स्नेहसंमेलनाच्या आनंदात थोडा रूक्ष वाटेल. शासनाच्या खर्चात काटकसर होते, तेव्हा ती नेमकी कोणाच्या ताटातून होते, हा तो विषय आहे. काटकसर दोन प्रकारची असते. घरात तंगी आली म्हणजे जाणती गृहिणी विचार करते. दिवाळीचे नवे लुगडे ती लांबणीवर टाकते. तान्ह्याचे दूध मात्र बंद करीत नाही. ही विवेकाची काटकसर होय. दुसरी काटकसर आपोआप होणारी. एक आकडा आधीच ठरवून ठेवावयाचा आणि जे काही त्या आकड्याखाली येईल ते कापावयाचे. लुगडे कोणते आणि दूध कोणते, हे कोणी पाहावयाचेच नाही. या दुसऱ्या प्रकारात एक सोय अशी की, कापणारा हात कोणाचा ते कधी दिसत नाही. विचारावयास गेले तर प्रत्येक जण म्हणतो, ‘नियमच तसा आहे.’

या प्रकाराचे मोठे उदाहरण अमेरिकेत घडले. तेथे २०११ मध्ये एक कायदा झाला. तूट कमी करण्याच्या उपायांवर दोन्ही पक्षांचे एकमत न झाल्यास बहुतेक सरकारी खात्यांच्या खर्चाला ठरावीक प्रमाणात आपोआप कात्री लागावी, अशी त्यात योजना होती. एकमत झाले नाही आणि १ मार्च २०१३ रोजी ती कात्री चालली. एप्रिलमध्ये विमानांचे नियंत्रण करणाऱ्या कर्मचाऱ्यांना सक्तीच्या बिनपगारी रजेवर जावे लागले. विमाने खोळंबली, प्रवासी संतापले. तेव्हा आठवड्याच्या आत दोन्ही सभागृहांनी वेगळा कायदा संमत करून ती अडचण दूर केली. त्याच कात्रीने गरीब घरांतील लहान मुलांच्या सरकारी बालशाळांतील सुमारे ५७ हजार जागा त्या वर्षी गेल्या. त्यांच्यासाठी मात्र आठवड्यात कायदा झाला नाही. यावरून दिसते ते असे की, नियम सर्वांना सारखा असला तरी त्याचा घाव सारखा बसत नाही. ज्याचा आवाज मोठा त्याची जखम लवकर भरते. ज्याला आवाजच नाही त्याची तशीच राहते.

ही झाली सातासमुद्रांपलीकडची गोष्ट. आता आपल्या बारा मावळात येऊ.

आपल्या राज्यातही अडचणीच्या काळात सरसकट कात्री चालल्याचे आपण पाहिले आहे. करोनाच्या साथीत, ४ मे २०२० रोजी, वित्त विभागाने निर्णय काढून त्या वर्षासाठी विकासकामांच्या तरतुदीपैकी केवळ ३३ टक्के निधी मिळेल असे ठरविले आणि आरोग्यासारखी खाती वगळता नवीन नोकरभरती थांबविली. तो काळच संकटाचा होता. त्याबद्दल मी दोष देत नाही. परंतु संकट नसतानाही, वर्षानुवर्षे, गाजावाजा न करता जी कात्री चालते ती पटसंख्येची. तिची रीत अशी : सप्टेंबरअखेर शाळेच्या पटावर किती मुले आहेत ते मोजतात, त्या आकड्यावरून शिक्षकांची किती पदे मंजूर ते ठरते. यास संचमान्यता म्हणतात. अलीकडे ज्या मुलाचा आधार क्रमांक जुळत नाही ते वर्गात बसलेले असूनही या मोजणीत धरले जात नाही. आपल्या डोंगरातील कातकरी बांधवांच्या मुलांची कागदपत्रे किती पूर्ण असतात, हे मी आपणांस सांगावयास नको.

न्यायाने बोलावयाचे तर मोजणीची कडक रीत अगदी अकारण आलेली नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, तेव्हा कित्येक ठिकाणी कागदावर मुले आणि वर्गात रिकामी बाके, असा प्रकार उघडकीस आला. त्या लबाडीचे प्रायश्चित्त पुढे प्रामाणिक शाळांनाही भोगावे लागले. २०१२ पासून शिक्षकभरती दीर्घकाळ जवळजवळ थंडावली. जागा रिकाम्या होत गेल्या व रिकाम्याच राहिल्या. शेवटी जुलै २०२३ मध्ये निवृत्त शिक्षकांना, वयाच्या सत्तर वर्षांपर्यंत, दरमहा २० हजार रुपये मानधनावर तात्पुरते नेमण्याचा मार्ग शासनास काढावा लागला. त्याच वर्षी २१ सप्टेंबर रोजी शिक्षण आयुक्तांचे परिपत्रक निघाले. त्यातील आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. वीस किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळा राज्यात १४,७८३, त्यांतील मुले १,८५,४६७, शिक्षक २९,७०७. या शाळांतील मुले एकत्र आणून समूह शाळा स्थापाव्यात, त्यासाठी प्रस्ताव पाठवावेत, असे त्यात सुचविले होते. नमुना म्हणून दोन शाळांचा दाखला दिला होता : एक नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळची आणि दुसरी आपल्याच वेल्हे तालुक्यातील पानशेतची. शासनदप्तरी आता या तालुक्याचे नाव राजगड झाले आहे. पण आपल्या तोंडी वेल्हेच बसलेले आहे, म्हणून मी तसेच म्हणतो.

पुढे १५ मार्च २०२४ रोजी संचमान्यतेचे नवे निकष आले. सहावी ते आठवीच्या वर्गांत मिळून वीसपेक्षा कमी मुले असतील तर तेथे शिक्षकाचे एकही पद मंजूर होणार नाही, असा त्यांचा परिणाम होता. शिक्षक संघटनांनी विरोध केला तो यासाठीच. शाळा बंद करण्याचा हुकूम काढावा लागत नाही; शिक्षक नसला की शाळा आपोआपच बंद पडते. सुंठीवाचून खोकला गेला, अशी ही युक्ती आहे.

वास्तविक २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असावेत असे सांगितले आहे. सहावी ते आठवीला भाषा, गणित-विज्ञान व सामाजिक शास्त्रे यांसाठी निराळे शिक्षक असावेत असेही सांगितले आहे. राज्याच्या २०११ च्या नियमांनी पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर हे अंतर धरले. कायद्याने अंतराचा विचार केला होता. आकड्याची कात्री मात्र अंतर पाहत नाही. पुण्याच्या पेठेतील अठरा मुले आणि तोरण्याच्या कुशीतील अठरा मुले तिला सारखीच. पेठेतील शाळा मिटली तर मूल रस्ता ओलांडून दुसरीत जाईल. डोंगरातील मिटली तर मध्ये ओढा आहे, खिंड आहे, आणि जुलै-ऑगस्टचा आपल्याकडील पाऊस आहे.

आता समूह शाळेचा पक्षही मांडतो. कारण एकच बाजू सांगणे हे शिक्षकाला शोभत नाही. नऊ मुले, चार इयत्ता आणि एक गुरुजी अशी शाळा म्हणजे काही आदर्श नव्हे. तेथे दोन संघ करून खो-खो खेळता येत नाही; चौथीत एकटीच मुलगी असली तर स्पर्धा कोणाशी करणार? गुरुजी माहिती भरावयास केंद्रावर गेले की शाळेला कुलूप लागते. मोठ्या शाळेत बरोबरीची मुले मिळतात, ग्रंथालय मिळते, विषयांना शिक्षक मिळतात. दारासमोर गाडी येत असेल, ती पावसातही येत असेल आणि पाच वर्षांनी ती बंद पडणार नाही याची हमी असेल, तर समूह शाळेला नाही म्हणण्याचे कारण मला दिसत नाही. माझे सारे म्हणणे या ‘तर’ मध्ये आहे.

ही हमी कोण देणार? येथेच या विषयाचे मर्म आहे. एक वाडी डोळ्यांसमोर आणा. नाव मुद्दाम घेत नाही. अशा वाड्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्या वाडीची शाळा पट कमी म्हणून मिटली. मुलांनी चार-पाच किलोमीटरवरील शाळेत जावे असे ठरले. हा हिशेब शिक्षण खात्याचा. तेथे जाण्यास सकाळी एस.टी. ची एक फेरी होती. गाडीत माणसे कमी बसतात, भारमान भरत नाही, म्हणून ती फेरी बंद झाली. हा हिशेब परिवहन महामंडळाचा. पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एस.टी. चा प्रवास मोफत आहे. फार उत्तम योजना! पण पास आहे आणि गाडी नाही, तर तो पास घेऊन मुलीने काय करावे? आडवाटेच्या आरोग्य उपकेंद्रात परिचारिकेची जागा रिकामी. भरतीवर निर्बंध, हा हिशेब तिसऱ्या खात्याचा. प्रत्येक कचेरीने आपापल्या वहीत थोडीशीच बचत केली. प्रत्येकाचा हिशेब आपल्या जागी चोख आहे. परंतु या तिन्ही बचती ज्या उंबरठ्यावर एकत्र येऊन पडल्या, तो उंबरठा एकच; आणि त्यावर उभी असलेली दहा वर्षांची मुलगीही एकच. तिचा हिशेब कोणत्याच वहीत नाही. यालाच मी आंधळी काटकसर म्हणतो. दूर कचेरीत बसून आकड्यांवरून वाड्यांचा कारभार करणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे होय.

आणि मुलगी म्हटले ते उगाच नव्हे. मुलगा चालत जाईल, नातलगाकडे पुण्यास राहील, कसाही शिकेल. मुलीच्या बाबतीत घरची माणसे म्हणतात, ‘एवढ्या लांब एकटी नको, पुढच्या वर्षी पाहू.’ ते पुढचे वर्ष कधी येत नाही. तिचे नाव कोणी पटावरून काढत नाही, कोणी तिला मनाई करीत नाही. ती नुसती यावयाची थांबते. मग आणखी दोन-तीन वर्षांनी मांडवाचा खर्च निघतो. माझ्या समोर बसलेल्या वडीलधाऱ्या भगिनींना हे मी सांगावे असे काही नाही.

आता कोणी विचारील, पट कमी झाला त्याला शासन काय करणार? माणसेच गाव सोडून गेली. हे खरे आहे. २०११ च्या जनगणनेत संपूर्ण वेल्हे तालुक्याची लोकसंख्या सुमारे ५४ हजार भरली. पुण्यातील एखाद्या उपनगराएवढीही ती नाही. परंतु माणसे का गेली, हेही पाहिले पाहिजे. आपल्या खोऱ्यांचा इतिहास हा पाण्याखाली गेलेल्या गावांचा इतिहास आहे. वेळवंडीवर इंग्रजी अमदानीत भाटघरचे धरण बांधले गेले. अंबी नदीवर पानशेत झाले. १२ जुलै १९६१ रोजी ते फुटले तेव्हा पुण्याचे काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे, पण ते बांधताना कोणाची भातखाचरे बुडाली हे थोड्यांस ठाऊक आहे. मोसे खोऱ्यात वरसगाव झाले; नीरेवर देवघर झाले; पुढे गुंजवणी झाले. पानशेत-वरसगावचे पाणी पुणे शहर पिते. भाटघरच्या पाण्यावर नीरेच्या कालव्यांखालील ऊस उभा राहतो. धरणाखाली गेलेली कुटुंबे पूर्वेकडील तालुक्यांत नेऊन बसविली. उरलेली काठावर, उंचावर, विखरून राहिली. म्हणजे जी वस्ती विरळ झाली ती सार्वजनिक हितासाठीच विरळ झाली. आणि आता तीच वस्ती विरळ आहे म्हणून तिची शाळा सार्वजनिक खर्चाला परवडत नाही, असे म्हणणे हा कोणता न्याय? आमचे पाणी घेताना पटसंख्या कोणी विचारली नव्हती.

महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे हाच मुद्दा मांडला होता : महसूल कष्टकरी शेतकऱ्याच्या घामातून गोळा होतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गाच्या सोयीने होतो. नामदार गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले, ते पुढल्या वर्षी फेटाळले गेले. तेव्हाही खर्चाचे कारण पुढे होतेच. म्हणजे ‘पैसा नाही’ हे उत्तर आपल्या पूर्वजांनीही ऐकले आहे. त्यांनी ते अखेरचे उत्तर मानले नाही, म्हणून आपण आज या सभेत स्मरणिका वाचण्याइतके साक्षर होऊन बसलो आहोत.

बंधूंनो, शासनाकडे बोट दाखविताना उरलेली बोटे आपल्याकडे वळतात, तेव्हा आता थोडे घरचे बोलतो; राग मानू नये. या खोऱ्यांतून कात्रज-धनकवडीस, मुंबईस गेलेली कुटुंबे आपलीच आहेत. नसरापूरच्या रस्त्यास पिवळ्या गाड्या धावू लागल्या, त्यांत गावातील सुखवस्तू घरांची मुले इंग्रजी शाळांना जाऊ लागली. तीही आपलीच आहेत. त्यांनी जाऊ नये असे मी म्हणत नाही. प्रत्येक बापाने आपल्या लेकराचे भले पाहावे. परंतु ज्यांच्या शब्दाला पंचायत समितीत वजन होते, त्यांची मुले शाळेतून गेली आणि त्यांच्याबरोबर त्यांचा शब्दही गेला. मागे राहिले ते कातकरी, धनगरवाड्यांवरचे लोक आणि आपल्यातील सर्वांत गरीब. ते मोर्चा काढीत नाहीत. म्हणून पट विसाखाली गेला हे जितके खरे, तितकेच हेही खरे की, पट विसाखाली गेल्याचे दुःख बोलून दाखविणारा कोणी तेथे राहिला नाही.

आपले मंडळ दरवर्षी गुणवंतांचा सत्कार करते. ऐंशी टक्क्यांच्या वर गुण असतील त्यांना पारितोषिक, खाली असतील त्यांना नाही. हा नियम मी वाईट म्हणत नाही. गुणांचे कौतुक झालेच पाहिजे. पण हादेखील एक आकडाच आहे. शहरात शिकवणी लावून ब्याऐंशी टक्के मिळविणारा मुलगा या व्यासपीठावर येतो आणि रोज आठ किलोमीटर चालून अठ्ठावन्न टक्के मिळविणारी मुलगी आपल्या यादीत येतच नाही. शासनाच्या आंधळ्या आकड्यावर बोलावयाचे तर आपला आकडा आपण आधी डोळस केला पाहिजे.

तेव्हा मंडळापुढे चार सूचना नम्रपणे ठेवतो.

पहिली : प्रत्येक गावातील आपल्या सभासदांनी शाळा व्यवस्थापन समितीत लक्ष घालावे. कायद्याने या समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांच्या असतात. शाळा हलविण्याची भाषा निघताच वाडीपासून नव्या शाळेपर्यंतचे अंतर नकाशावर न मोजता पायांनी मोजावे. ओढे किती, पावसात वाट किती दिवस बंद असते, हे लिहून ग्रामसभेचा ठराव करावा. तोंडी गाऱ्हाणे वाऱ्यावर जाते. ठराव दप्तरी राहतो.

दुसरी : ‘आधी गाडी, मग शाळेला कुलूप’ ही एकच मागणी सर्वांनी लावून धरावी. शाळेच्या वेळेला धरून गाडी, पावसाळ्यासहित, आणि त्या फेरीला भारमानाचा नियम लागू न करण्याचे लेखी आश्वासन. शिक्षण खाते व परिवहन महामंडळ यांना एका टेबलाशी बसविणे हे एकट्या वाडीला जमणार नाही. मंडळाला जमेल. आपल्यात निवृत्त कारकून आहेत, वकील आहेत, एस.टी. त हयात घालविलेले वाहक-चालक आहेत.

तिसरी : मंडळाने मुलींसाठी एक प्रवासनिधी काढावा. सत्कारातील शाली-श्रीफळांचा आणि या स्मरणिकेच्या रंगीत पानांचा खर्च निम्मा केला तरी आरंभ होईल. थेंबे थेंबे तळे साचे. आणि हा निधी केवळ आपल्या जातीच्या मुलींपुरता असू नये. हे बोलणे काहींना रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. ज्ञातिमंडळाने ज्ञातीचे पाहावे, असे कोणी म्हणेल. पण शाळेची घंटा जात पाहून वाजत नाही. त्या वाडीतील शाळा टिकली तर ती नऊच्या नऊ मुलांची टिकेल. मिटली तर नवांचीही मिटेल. आपल्या तीन मुली वाचवावयाच्या असतील तर उरलेल्या सहा मुलांचा हात धरल्यावाचून गत्यंतर नाही.

चौथी सूचना माझ्या निवृत्त सहकाऱ्यांना. आठवड्यातून दोन दिवस जवळच्या शाळेत जावे, वाचन घ्यावे, पाढे घ्यावेत. मात्र एक पथ्य पाळावे. आपली फुकटची सेवा पाहून कायम पद रद्द करण्यास कोणाला निमित्त मिळता कामा नये. आपण शिक्षकाच्या मदतीला जावयाचे आहे, त्याच्या जागी नव्हे. हे समितीच्या वहीत पहिल्याच दिवशी लिहून घ्यावे.

शासनाची तिजोरी अमर्याद नाही, हे मला कळते. काटकसर करूच नये असे म्हणणारा मी नव्हे. शिक्षकाच्या पगारात संसार केलेल्या माणसाला काटकसर कोणी शिकवावी? माझे मागणे एवढेच की, कापण्यापूर्वी कोणीतरी येऊन पाहावे. राजगडाच्या पायथ्याशी, रायरेश्वराच्या पठाराखाली, हिरडस मावळात, गुंजण मावळात ज्या वाड्या आहेत, त्यांतील मूल हे पटावरील एक आकडा म्हणून नव्हे, मूल म्हणून मोजले जावे. शासनाने डोळे उघडावेत म्हणून आपण आवाज उठवू. पण तोवर त्या वाटेवर एक तरी गाडी आपल्या मंडळाच्या प्रयत्नाने सुरू व्हावी.

पुढील वर्षी याच ठिकाणी आपण जमू तेव्हा सचिवांच्या अहवालात सत्काराच्या यादीखाली आणखी एक यादी असावी : या वर्षी शाळा न सुटलेल्या मुलींची. ती पाच नावांची असली तरी चालेल. मंडळाच्या थोरवीस ती पुरेशी होईल.